रविवारची श्रद्धा आणि सोमवारचा हजेरीपट

श्रद्धेची जागा देवघरात किंवा मंदिरात, आणि व्यवहाराची जागा कचेरीत, बाजारात. अशी वाटणी आपल्या समाजाने केव्हाच सोयीस्करपणे करून ठेवली आहे. ख्रिस्ती धर्माच्या मूळ कथा मात्र या वाटणीला मान्यता देत नाहीत. नासरेथचा येशू सुताराच्या घरात वाढला. त्याचे पहिले शिष्य कोळी होते. मत्तयाला त्याने बोलावले ते जकातीच्या नाक्यावर, काम चालू असताना. जक्कय हा तर जकातदारांचा मुख्य. लोकांच्या तिरस्काराचा विषय. येशूने त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्याच घरी उतरणार, असे सांगितले. त्यावर जक्कयाने स्तोत्र म्हटल्याचे शुभवर्तमानात नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे त्याने कबूल केले. त्याची श्रद्धा प्रथम उतरली ती हिशेबाच्या वहीत.

या कसोटीवर सोलापूरच्या इतिहासातील एक प्रकरण तपासून पाहण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशनने या शहरात ठाणे मांडले. मुलींचे शिक्षण आणि बालशिक्षण या दोन्ही क्षेत्रांत त्याचे कार्य मोठे आहे. वोरोनोको आणि मेरी हार्डिंग ही नावे सोलापूरकरांना आजही परकी वाटत नाहीत. परंतु या श्रद्धेची खरी परीक्षा झाली ती शाळेच्या वर्गात नव्हे. ती शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या सेटलमेंटमध्ये.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे १९११ साली त्याची व्याप्ती देशभर वाढवली. कोणी काय केले याची चौकशी न करता, अमुक जातीत जन्मला म्हणून माणूस गुन्हेगार ठरू लागला. कैकाडी, पारधी यांसारख्या भटक्या जमातींतील कुटुंबे तारेच्या कुंपणात आणून बसवली गेली. ठरल्या वेळी हजेरी, बाहेर जाण्यास परवानगी, परतण्यास मुदत, अशी ती व्यवस्था होती. गिरण्यांना मजूर हवे होते. कुंपणातील माणसे दिवसा गिरणीत राबत आणि काम सुटले की कुंपणात परतत. सरकारने या वसाहतीची देखरेख काही काळ मिशनच्याच हाती सोपवली होती.

येथेच पेच आहे. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपाचे निर्माण केले, हे बायबलच्या पहिल्याच अध्यायातील प्रतिपादन. आणि हजेरीपटावरील नोंद सांगत होती की हा मनुष्य जन्मतःच चोर. या दोन विधानांपैकी एकच खरे असू शकते. वसाहतीत शाळा चालल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा झाली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ज्यांना गावाने वेशीबाहेर हाकलले त्यांच्या मुलांच्या हाती पाटी देणारे हात त्या काळी फार नव्हते. तथापि, हजेरीही त्याच व्यवस्थेत चालू राहिली. अखेर हा कायदा केंद्र सरकारने रद्द केला तो १९५२ साली. माणसे ‘विमुक्त’ झाली ती कायद्याच्या जोरावर. अन्यायाच्या चौकटीत राहून दया करता येते आणि ती दया खरीही असू शकते. परंतु चौकटीलाच प्रश्न विचारल्याशिवाय दयेचा न्याय होत नाही, हा या प्रकरणाचा धडा आहे.

याच्या उलट, नित्याच्या जीवनात श्रद्धा कशी मुरते याचे मराठीतील उत्तम उदाहरण म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० साली, राहुरीस. मधल्या वर्षांत त्यांचे मन पालटले ते धर्मशास्त्राच्या वादविवादाने नव्हे. सोवळे-ओवळे, कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे नाही, हा प्रश्न त्यांनी आपल्या मनाशीच सोडवला. आधी पाण्याचा विटाळ गेला, मग बाप्तिस्मा आला. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आज सोलापूरच्या त्या जुन्या गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत, तारेचे कुंपण गेले आहे. पण ‘सेटलमेंट’ हे नाव शहराच्या नकाशावर आहे आणि संशयही पुरता गेलेला नाही. चोरी झाली की प्रथम कोणाच्या झोपडीकडे पाहिले जाते, हे सांगावयास नको. ज्यांना शतकानुशतके एका गावी राहू दिले नाही, त्यांच्याच वंशजांकडे जातीच्या दाखल्यासाठी १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. हा पुरावा तपासणारा कारकून सश्रद्ध असतो. वर्गात नव्या मुलाचे आडनाव ऐकून क्षणभर थबकणारा शिक्षकही सश्रद्ध असतो. नियम दोघांनी केलेला नाही. मात्र त्या नियमापलीकडे समोरच्याला माणूस म्हणून पाहावयाचे की प्रकरण म्हणून, एवढे तरी त्यांच्या हाती निश्चित असते. अर्जदाराला चौथी खेप घालावयास लावणे किंवा त्याला खुर्ची देऊन कोणता कागद कोठे मिळेल ते समजावून सांगणे, यात सरकारचा एक पैसाही कमीजास्त होत नाही.

ख्रिस्ती समाजालाही यातून सूट नाही. एका पंक्तीला बसून प्रभुभोजन घेणाऱ्यांनी सोयरीक जुळवताना पूर्वाश्रमीची जात विचारली, तर रविवारची उपासना सोमवारी खोटी पडते. इतरांची एकादशी, नमाज वा वंदनाही याच न्यायाने जोखली जाईल. कोणत्याही धर्माचा असो, माणसाची श्रद्धा जोखावयाची तर त्याच्या प्रार्थनेची वेळ विचारू नये. त्याच्या टेबलासमोर ताटकळत उभ्या असलेल्या माणसाला विचारावे.