योगवर्गाचा अर्ज आणि आपली सही

योगाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा सूर्यनमस्कार आणि ओंकारावर येऊन थांबते. दर २१ जूनला तेच. पण पाठदुखी, मधुमेह यांसाठी योगवर्गाला जाणारे आपल्यातही आहेत. नाव नोंदवताना ते ज्या अर्जावर सही करतात, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

अशा अर्जांत दोन अटी हमखास असतात. 'भरलेली फी परत मिळणार नाही' आणि 'इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही'.

पहिली मला अर्धीच पटते. जागा अडवून आयत्या वेळी न येणाऱ्यामुळे शिक्षकाचं नुकसान होतं, हे खरं. पण शिक्षकानेच वर्ग बंद केला, तर फी ठेवून घेण्याचा हक्क त्याला कुठून आला?

दुसरी अट जास्त घातक. उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असलेल्याला शीर्षासन करायला लावू नये, हे शिक्षकाला माहीत असायलाच हवं. काही न विचारता करायला लावलं, तर तो निष्काळजीपणा आहे. तुमची सही असली म्हणून तो माफ होत नाही. फी घेऊन दिलेली सेवा २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्कही नाही.

मात्र आजार लपवून वर्गात बसणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. दिलेला शब्द पाळणं आपण ईमानाचा भाग मानतो. म्हणून अर्ज आधी वाचा, आजार खरा लिहा, न पटलेली अट खोडायला सांगा आणि मगच सही करा.