मूक सैन्यातला जागल्या : कर्नल पिकार आणि ड्रेफस प्रकरण

१/
गणवेशातल्या अधिकाऱ्याने राजकारणापासून अलिप्त राहावे, हे तत्त्व सहसा कोणी नाकारत नाही. अडचण पुढे सुरू होते. वरिष्ठांचे खोटे उघड करणे हे राजकारण ठरते का? आणि ते खोटे टिकवण्यासाठी वरिष्ठ जे करतात, त्याला काय म्हणायचे? फ्रान्समध्ये या प्रश्नांना ज्याला प्रत्यक्ष सामोरे जावे लागले, त्या लेफ्टनंट कर्नल जॉर्ज पिकारविषयी हा थ्रेड.

२/
पार्श्वभूमी थोडक्यात. १८९४ मध्ये पॅरिसच्या जर्मन दूतावासातून फ्रेंच हेरखात्याच्या हाती एक निनावी चिठ्ठी लागली. जर्मनांना पुरवलेल्या लष्करी गुपितांची ती यादी होती. हस्ताक्षराच्या संशयावरून तोफखान्यातील कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याला अटक झाली. पुरावा तोकडा होता, म्हणून बचाव पक्षाला न दाखवता एक गुप्त फाइल लष्करी न्यायाधीशांच्या हाती देण्यात आली. शिक्षा झाली. जानेवारी १८९५ मध्ये भर मैदानात ड्रेफसची पदचिन्हे उतरवण्यात आली, तलवार मोडण्यात आली आणि त्याची रवानगी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील डेव्हिल्स आयलंडवर झाली.

३/
युद्धमंत्र्यांना अहवाल देण्यासाठी पिकार त्या खटल्याला हजर होता. ज्यूंविषयीचे तत्कालीन अधिकारीवर्गातले पूर्वग्रह त्याच्याही ठायी होते. हे आवर्जून सांगायला हवे, कारण त्याने पुढे जे केले त्यामागे ड्रेफसविषयीचा जिव्हाळा नव्हता.

४/
जुलै १८९५ मध्ये पिकार हेरखात्याचा प्रमुख झाला. (खात्याचे अधिकृत नाव होते ‘स्टॅटिस्टिकल सेक्शन’!) जर्मन दूतावासातली एक सफाई कामगार स्त्री तिथला कचरा या खात्याला आणून देत असे. मार्च १८९६ मध्ये त्या कचऱ्यात निळसर टपालपत्राचे बारीक तुकडे सापडले. ते जुळवल्यावर पत्ता दिसला : मेजर एस्टरहाझी. कर्जात बुडालेला एक फ्रेंच अधिकारी.

५/
ऑगस्टमध्ये एस्टरहाझीच्या हातची पत्रे पिकारकडे आली. अक्षर त्याला ओळखीचे वाटले. त्याने ती १८९४ च्या चिठ्ठीशेजारी ठेवली. वळण तेच होते.

त्याने नमुना बर्तियों या तज्ज्ञाला दाखवला. ड्रेफसविरुद्ध मत देणारा हाच. ‘हे तर चिठ्ठीतलेच अक्षर,’ असे तो म्हणाला. पत्रे अलीकडची आहेत, हे कळताच मात्र त्याने तर्क लढवला की ज्यूंनी कुणाला तरी ते अक्षर गिरवायला शिकवले असावे. पिकारनेच पुढे ही हकीकत सांगितली.

६/
उरली होती ती गुप्त फाइल. पिकारने ती उघडली तेव्हा आत ठोस काहीतरी असेल अशी त्याची अपेक्षा होती. ड्रेफसला निर्विवादपणे गोवणारा एकही कागद तिच्यात नव्हता.

७/
इथवर त्याने एकही नियम मोडला नव्हता. जनरल स्टाफचे प्रमुख बुआदेफ्र आणि उपप्रमुख गोन्स या दोघांनाही त्याने रीतसर कळवले. सप्टेंबर १८९६ मधला गोन्सशी झालेला संवाद त्याने पुढे नोंदवला. तो ज्यू त्या बेटावर राहिला तर तुमचे काय बिघडते, असे गोन्सने विचारले. पण तो निर्दोष आहे, असे पिकार म्हणाला. तुम्ही काही बोलला नाहीत तर कुणाला कळणार नाही, असे गोन्स म्हणाला. त्यावर, हे गुपित मी थडग्यात घेऊन जाणार नाही, असे पिकारने ठणकावले.

काही आठवड्यांतच त्याला ‘पाहणी’च्या नावाखाली पॅरिसबाहेर पाठवले गेले, आणि पुढे ट्युनिशियात.

८/
फ्रेंच सैन्याला त्या काळी ‘थोर मूक’ म्हटले जाई. १८७२ च्या कायद्याने सेवेतील सैनिकांना मतदानही करता येत नव्हते. तो हक्क त्यांना १९४५ मध्ये मिळाला. (भारतीय सैनिक मत देऊ शकतो, मात्र राजकीय सभा आणि वृत्तपत्रांशी संपर्क यांवर १९५० च्या आर्मी ॲक्टखाली निर्बंध आहेत.) या मौनाला सबळ कारण होते. १८५१ मध्ये लुई-नेपोलियनने सैन्याच्या बळावर प्रजासत्ताक मोडून काढले होते, आणि जनरल बुलांजेची लोकप्रियता प्रजासत्ताकाच्या जिवावर उठल्याला दहा वर्षेही झाली नव्हती. संगिनीने बाजू घेतली की लोकशाही संपते, हा धडा फ्रान्सने पुस्तकातून घेतला नव्हता.

९/
पण ड्रेफस प्रकरणात हे मौन नेमके कोणी पाळले?

हेरखात्यातल्या मेजर आंरीने १८९६ च्या अखेरीस ड्रेफसला गोवणारे एक पत्र बनावट तयार केले. १८९७ च्या ऑक्टोबरात जनरल स्टाफचे लोक पॅरिसच्या मोंसुरी बागेत एस्टरहाझीला भेटून ‘तुम्हाला संरक्षण आहे’ असे सांगून आले. त्यांच्यापैकी एकाने खोटी दाढी लावली होती, दुसऱ्याने निळा चश्मा. हे नाटक नव्हे, दफ्तरी नोंदलेला इतिहास आहे.

फेब्रुवारी १८९८ मध्ये झोलावर खटला चालू असताना खुद्द बुआदेफ्र गणवेशात साक्षीला उभा राहिला. राष्ट्राचा सेनापतींवर विश्वास नसेल तर आम्ही ही जबाबदारी सोडायला तयार आहोत, असे त्याने ज्यूरीला सुनावले. बारा नागरिकांवर सैन्याचे सगळे वजन टाकणे, याला अराजकीय वर्तन म्हणता येत नाही. तरीही अराजकीय असल्याचा दावा त्याच बाजूने होत राहिला.

१०/
आता पिकारकडे. ट्युनिशियात तो कित्येक महिने गप्प होता. एप्रिल १८९७ मध्ये त्याने सर्व हकीकत लिहून ठेवली आणि आपल्या मृत्यूनंतर ती राष्ट्राध्यक्षांना द्यावी अशी व्यवस्था केली. त्याला जिवाची भीती वाटत होती, हे यातून दिसते. आणि तोवर त्याला लष्कराबाहेर जायचे नव्हते, हेही. त्या काळात एक निर्दोष माणूस बेटावर कैदेत दिवस काढत होता. पिकारच्या चाहत्यांना हे महिने ओलांडून पुढे जायची घाई असते.

जूनमध्ये आंरीचे धमकीवजा पत्र आले, तेव्हा तो रजेवर पॅरिसला गेला आणि लुई लब्लुआ या वकील मित्राला त्याने सारे सांगितले. गोन्सची पत्रेही दाखवली. अट घातली : ड्रेफसच्या कुटुंबाशी संपर्क करायचा नाही. लब्लुआने सिनेटचे उपाध्यक्ष शेरेर-केस्टनर यांना विश्वासात घेतले आणि प्रकरण लष्कराच्या कुंपणाबाहेर पडले.

११/
हा नियमभंग होता. तो नव्हताच असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. पिकारने सेवेत असताना सेवेतली बाब बाहेरच्या माणसाला सांगितली. त्याचे समर्थन करायचे तर क्रमाने करावे लागते : आधी वरिष्ठ, मग वरिष्ठांचे वरिष्ठ, मग वकील, मग न्यायालयातली साक्ष. कोणत्याही पायरीवर त्याने पक्ष निवडला नाही.

गावगाड्यातला जागल्या रात्री हाळी देतो तेव्हा चोर कोणत्या वाड्यातला आहे, हे तो पाहत नाही. मराठीने ‘व्हिसलब्लोअर’साठी हाच शब्द उचलला, हे बरे झाले. फरक इतकाच की पिकारच्या गोष्टीत चोर पाटलाच्याच वाड्यात होता.

१२/
जानेवारी १८९८ मध्ये लष्करी न्यायालयाने एस्टरहाझीला निर्दोष सोडले. दोनच दिवसांनी झोलाचे खुले पत्र प्रसिद्ध झाले. त्याच दिवशी पिकारला अटक झाली. फेब्रुवारीत त्याला सैन्यातून काढले.

जुलैत युद्धमंत्री कावेन्याकने संसदेत आंरीचे बनावट पत्र पुरावा म्हणून वाचले. ते भाषण गावोगावी भिंतींवर लावण्यात आले. आता गणवेशाबाहेर असलेल्या पिकारने पंतप्रधानांना जाहीर पत्र लिहिले : मंत्र्यांनी दाखवलेल्या कागदांपैकी दोन ड्रेफसला लागू पडत नाहीत आणि तिसरा बनावट दिसतो. पुन्हा तुरुंग, या वेळी जवळपास अकरा महिने.

ऑगस्टमध्ये कावेन्याकच्याच कार्यालयातल्या अधिकाऱ्याला दिव्याच्या उजेडात दिसले की त्या पत्राच्या कागदावरच्या रेषांचे रंग जुळत नाहीत. आंरीने कबुली दिली आणि दुसऱ्या दिवशी कोठडीत वस्तऱ्याने गळा कापून घेतला. पिकार मात्र तुरुंगातच होता.

१३/
१९०० मध्ये सरकारने प्रकरणाशी संबंधित सर्वांना सरसकट माफी देणारा कायदा केला. पिकारने त्याला विरोध केला. खोटे कागद रचणारे आणि ते उघडे पाडणारे एकाच माफीच्या ओळीत बसवले गेले होते.

१४/
जुलै १९०६ मध्ये न्यायालयाने ड्रेफसला निर्दोष ठरवले. ड्रेफस मेजर म्हणून सैन्यात परतला, पिकार थेट ब्रिगेडियर जनरल म्हणून. ऑक्टोबरात क्लेमांसोच्या मंत्रिमंडळात पिकार युद्धमंत्री झाला. ड्रेफसची बेटावरची वर्षे ज्येष्ठतेत धरली गेली नव्हती. ती धरावीत म्हणून तो पिकारला भेटला. पिकारने नकार दिला. १९०७ मध्ये ड्रेफस निवृत्त झाला.

१५/
त्याच वर्षी जूनमध्ये दक्षिण फ्रान्सात द्राक्ष बागायतदारांचे आंदोलन पेटले. नार्बोनमध्ये सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या. १७ व्या पायदळ रेजिमेंटमधले बरेच जवान त्याच मुलखातले होते. त्यांनी बंड केले, शस्त्रांसह बेझिए गाठले आणि लोकांमध्ये जाऊन बसले. हे सामूहिक बंड होते. पिकारने एकट्याने केलेल्या कृतीशी त्याची बरोबरी होत नाही. सरकारने वाटाघाटी करून त्यांना बराकीत परत आणले. नंतर मात्र त्यांची रवानगी झाली ती ट्युनिशियातल्या गाफ्सा या वाळवंटी ठाण्यावर. त्या वेळी फ्रान्सचा युद्धमंत्री होता जॉर्ज पिकार.