केकुलेचा साप पुरे आता!

बेन्झीनचा विषय निघाला की आपल्याकडे साप निघतोच. केकुलेला विस्तवापाशी डुलकी लागली, स्वप्नात सापाने स्वतःचीच शेपटी तोंडात धरली आणि झालं, बेन्झीनची कडी सापडली! शाळेत तेच, क्लासमध्ये तेच. मला या सापाचा मनापासून वैताग आलाय.

केकुलेने कल्पना मांडली १८६५ साली. स्वप्नाची गोष्ट सांगितली १८९० मध्ये, स्वतःच्या गौरवसमारंभात. कल्पना मोठीच होती, वाद नाही. पण कडी सपाट की दुमडलेली, सगळ्या बाजू सारख्या की एकाआड एक लहानमोठ्या, हे त्यानंतर साठहून अधिक वर्षं कुणी मोजून दाखवलं नव्हतं.

ते दाखवलं कॅथलीन लॉन्सडेल यांनी, इंग्लंडात लीड्सला, १९२८-२९ मध्ये. त्यांनी हेक्झामिथिलबेन्झीनचे स्फटिक घेतले. म्हणजे बेन्झीनच्या सहाही कोपऱ्यांवर एकेक मिथिल गट. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक दिशांनाच फेकले जातात. त्यांची तीव्रता मोजता येते, पण कोणती लाट कोणाच्या किती मागेपुढे होती हे हरवतं. म्हणून उलटीकडून जायचं. अणूंची एक मांडणी गृहीत धरायची, तिच्यावरून तीव्रता किती यायला हवी ते काढायचं आणि मोजलेल्या आकड्यांशी ताडायचं. नाही जुळलं? पुन्हा पहिल्यापासून. संगणक नव्हता, सगळी आकडेमोड हाताने. उत्तर आलं: कडी सपाट, नियमित षटकोनी.

"अहो, पण मुलांना गोष्ट लागते!" मग हीच सांगा ना! स्वप्नाच्या गोष्टीत ऐकणाऱ्या मुलाला करण्याजोगं काय आहे? झोपणं? शास्त्र म्हणजे थोरामोठ्यांना अचानक सुचणारी गोष्ट, असं ते धरून बसतं. मग गणित तिसऱ्यांदा चुकलं की वही मिटतं, 'आपलं हे काम नाही' म्हणतं. माझा राग आहे तो यासाठी.

आणि परदेशातलंच उदाहरण कशाला? १९३० च्या सुमारास कोलकात्यात केदारेश्वर बॅनर्जी नॅप्थलीनच्या स्फटिकाची रचना उलगडत होते. नॅप्थलीन म्हणजे आपल्या कपाटातली डांबरगोळी! ती हातात देऊन सांगण्यासारखी गोष्ट आहे, पण आपण सांगतो साप.

असो. ताई, तू हे वाचशीलच. लेकाला साप सांगितलास तरी चालेल, पण कडी मोजली कुणी, तेही सांग.