थाळी किती लांब गेली?

बुडापेस्टच्या जागतिक मैदानी स्पर्धेत २२ ऑगस्ट २०२३ रोजी महिलांच्या थाळीफेकीचा निकाल जवळजवळ लागल्यासारखाच होता. ऑलिंपिक विजेती व्हॅलरी ऑलमन ६९.२३ मीटरची फेक करून आघाडीवर होती. तिचीच अमेरिकन सहकारी लौलाउगा टाउसागा हिने त्या स्पर्धेपूर्वी कधी ६६ मीटरही ओलांडले नव्हते. आदल्या वर्षी जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत ती बारावी, म्हणजे शेवटची आली होती. पण पाचव्या फेकीला थाळी तिच्या हातून सुटली ती थेट ६९.४९ मीटरवर पडली! अवघ्या २६ सेंटिमीटरने सुवर्णपदक तिचे झाले.

थाळीफेक हा खेळ आपल्याकडे फारसा पाहिला जात नाही. महिलांची थाळी एक किलोची असते, म्हणजे साखरेच्या एका पिशवीएवढी. पुरुषांची याच्या दुप्पट. अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात दीड गिरकी घ्यायची आणि थाळी सोडायची. पाय वर्तुळाबाहेर पडला की फेक बाद. यात नुसती ताकद कामाला येत नाही. पाय, कंबर, खांदा आणि शेवटी बोटे, अशी ती शक्ती क्रमाने थाळीपर्यंत पोहोचावी लागते. शिवाय थाळी पंखासारखी हवेवर तरंगते, त्यामुळे समोरून येणारा वारा तिला चक्क मदत करतो. हे सारे अंगवळणी पडायला वर्षे जातात.

आता एक कोडे पाहा. महिलांच्या थाळीफेकीचा जागतिक विक्रम आहे ७६.८० मीटरचा. पूर्व जर्मनीच्या गाब्रिएले राइंशने तो ९ जुलै १९८८ रोजी नॉयब्रांडेनबुर्ग येथे केला. टाउसागाच्या सुवर्णफेकीपेक्षा तो सात मीटरहून अधिक पुढे आहे. ऑलमनने २०२५ मध्ये अमेरिकेतील रामोनाच्या भरपूर वाऱ्याच्या मैदानावर ७३.५२ मीटरपर्यंत मजल मारली, तरी तीन मीटर उरलेच. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकाची फेक ७२.३० मीटरची होती. २००९ मध्ये बर्लिनला ऑस्ट्रेलियाची डॅनी सॅम्युएल्स ६५.४४ मीटरवर जगज्जेती ठरली. इतर खेळांत आकडे वर चढत असताना इथे ते खाली का आले? आजच्या मुली कमी मेहनत घेतात का?

नाही. उत्तराचा मोठा भाग औषधांच्या डब्यात सापडतो. पूर्व जर्मनीच्या सरकारनेच १९७० च्या दशकापासून खेळाडूंना पुरुषी संप्रेरकांच्या गोळ्या देण्याची गुप्त योजना राबवली. हजारो खेळाडूंना त्या दिल्या गेल्या. त्यांत शाळकरी मुलीही होत्या. ‘जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत’ असे सांगितले की मुली विश्वासाने घेत. पुढे कुणाचा आवाज घोगरा झाला, कुणाच्या अंगावर केस आले, कुणाला यकृताचे विकार जडले. घरच्यांना काही सांगायचे नाही, अशी सक्त ताकीद असे.

हे उघडकीला आणण्यात मोठा वाटा एका थाळीफेकपटूचाच होता, हे मुद्दाम सांगायला हवे. ब्रिगिटे बेरेंडोंक लहान वयात कुटुंबासह पूर्व जर्मनी सोडून पश्चिमेत आली आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये थाळीफेकीत आठवी आली. दुसऱ्याच वर्षी तिने उत्तेजकांविरुद्ध जाहीर लेख लिहिला. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर तिचे शास्त्रज्ञ पती वेर्नर फ्रांके यांनी सरकारी कागदपत्रे शोधून काढली आणि १९९१ मध्ये तिने ती पुस्तकातून जगापुढे मांडली. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने त्या योजनेच्या सूत्रधारांना दोषी ठरवले. राइंशचा विक्रम मात्र यादीत कायम आहे. एकेका खेळाडूचा निवाडा आपण इथे बसून करू नये. पण त्या काळच्या आकड्यांशी आजच्या मुलींची तुलना करणेही न्यायाचे नाही.

आपल्या देशाला या खेळाने आनंदाचा मोठा क्षण दिला आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पुनियाने ६१.५१ मीटर फेक करून सुवर्ण जिंकले. मिल्खा सिंग यांच्या १९५८ च्या सुवर्णानंतर राष्ट्रकुलच्या मैदानी खेळांत भारताला ५२ वर्षांनी मिळालेले ते पहिलेच सुवर्ण. रौप्य हरवंत कौरला आणि कांस्य सीमा अंतिलला. तिन्ही पदके भारताची! कृष्णा तेव्हा एका मुलाची आई होती आणि तिचे पतीच तिचे प्रशिक्षक होते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ती सातवी आली. पुढे रौप्यविजेती रशियन खेळाडू उत्तेजकांमुळे बाद झाली आणि कृष्णा सहावी ठरली. दुसरीच्या लबाडीने हिरावलेले स्थान परत मिळाले खरे, पण ते मैदानावर नव्हे, कागदावर.

दुसरी बाजूही लपवू नये. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली आपली कमलप्रीत कौर सहावी आली, तेव्हा साऱ्या देशाने कौतुक केले. पुढच्याच वर्षी तिच्या चाचणीत स्टॅनोझोलॉल सापडले आणि तिच्यावर तीन वर्षांची बंदी आली.

म्हणून मैदानावर जाणाऱ्या मुलींच्या आईवडिलांना एवढेच सांगणे. मुलगी सरावाहून आली की ‘आज किती लांब गेली?’ असे जरूर विचारा. पण तिला कुणी पावडर, गोळी किंवा इंजेक्शन देत असेल, तर ते काय आहे, कशासाठी आहे, हेही विचारा. डब्यावरचे नाव वाचा, डॉक्टरांना दाखवा. खेळाचा नियम कडक आहे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच; ‘मला माहीत नव्हते’ म्हटल्याने सहसा सुटका होत नाही.

मुलीची थाळी यंदा चाळीस मीटरवर पडली आणि पुढच्या वर्षी बेचाळीसवर, तर घरात पेढे वाटायला हरकत नाही. ते दोन मीटर तिचे स्वतःचे असतील.