घरगाडीचा मुक्काम आणि गावाची तयारी

सुट्या लागल्या की अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर बाहेरगावच्या गाड्यांची वर्दळ वाढते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी केवडियाला सरदार पटेलांच्या १८२ मीटर उंच पुतळ्याचे अनावरण झाले. तेव्हापासून खानदेशातून तिकडे निघालेली कुटुंबेही या वाटेने जातात. खापरला गाडी चहापुरती थांबते आणि पुढे सुटते. याच रस्त्याने आपली माणसे ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात. आपला माणूस बाहेर जातो आणि येणारा पैसा गावात न उतरता निघून जातो. तो एक रात्र तरी गावात कसा थांबेल, याचा विचार शेतकरी बंधू-भगिनींनी आणि गावच्या कारभाऱ्यांनी करण्याची वेळ आली आहे.

राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर. गाडीतच बिछाना, स्वयंपाकाचा ओटा, काही गाड्यांत संडाससुद्धा असतो. अशा गाड्या रात्री जिथे उभ्या राहतात त्या जागेला कॅराव्हॅन पार्क म्हणतात. तिथे गाडीला सपाट जागा, पाण्याचा नळ, विजेची सोय आणि सर्वांसाठी न्हाणीघर-संडास एवढे असले की झाले. नाव इंग्रजी असले तरी चाल आपल्या ओळखीची आहे. ठेलारी मेंढपाळ बिऱ्हाडासकट आपल्या शेतात उतरतात, आपण त्यांच्या मेंढ्या बसवून घेतो आणि बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. फरक इतकाच की ठेलारी जाताना शेताला खत देऊन जातो. शहरी पाहुणा मात्र कचरा आणि सांडपाणी मागे ठेवतो. त्याची व्यवस्था आपल्यालाच करावी लागते.

परदेशात असे पार्क समुद्रकाठी आणि राष्ट्रीय उद्यानांच्या आसपास बरेच आहेत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात विल्सन्स प्रॉमन्टरी नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे समुद्राला लागून टायडल रिव्हर हा मोठा मुक्कामतळ आहे. लेकरेबाळे घेऊन कुटुंबे तिथे आठ-आठ दिवस राहतात. उन्हाळी सुटीत मागणी इतकी असते की जागेसाठी सोडत काढतात. मागणी आहे म्हणून जंगल तोडून जागा वाढवीत नाहीत. जागा ठरलेल्या, माणसे ठरलेली. म्हणूनच किनारा स्वच्छ राहतो आणि पाहुणा पुन्हा येतो.

एवढ्या लांब जायचे नसेल तर आपल्या कोकणातले वेळास पाहा. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे तिथल्या वाळूत अंडी घालतात. पूर्वी ही अंडी चोरीला जात. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने संरक्षणाचे काम हाती घेतले, पुढे गावकरी आणि वन खातेही त्यात उतरले. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. पिल्ले समुद्राकडे निघतात तो सोहळा पाहायला पुण्या-मुंबईची कुटुंबे लेकरांना घेऊन येतात. ती उतरतात कुठे? हॉटेलात नाही, गावकऱ्यांच्या घरात. ओसरीवर किंवा खोलीत गादी आणि ताटात घरचे जेवण. बाहेरच्या कंपनीने जमीन घ्यावी लागली नाही आणि गावाला मोठी इमारतही बांधावी लागली नाही. पूर्वी अंडी चोरीला जाणाऱ्या किनाऱ्यावर आता राखण होते, कारण कासव जगले तर घरात चार पैसे येतात. निसर्ग राखणे आणि पोट भरणे एकाच कामात बसले, हे वेळासकडून शिकण्यासारखे आहे.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. समुद्र नाही, पण सातपुडा आहे. पलीकडे गुजरातेत ६०७ चौरस किलोमीटरचे शूलपाणेश्वर अभयारण्य आहे. अलीकडे तोरणमाळ, मोलगीचा डोंगरपट्टा आणि नर्मदेचे पाणी आहे. उडदाची डाळ, ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, भगर आणि आमचूर आहे. उन्हाळ्यात मात्र आपल्या सपाटीवर तापमान चाळिशीच्या वर जाते. त्यामुळे मुक्कामाचा खरा हंगाम पावसाळा सरल्यापासून होळीपर्यंतचा. बारमाही धंदा समजून कोणी उडी घेऊ नये.

पाहुणा कुटुंबासह थांबत नाही याचे पहिले कारण संडास. बाई-माणसाला आणि लेकरांना निर्धास्त जाता येईल असे स्वच्छ ठिकाण नसेल तर बाकीचा सगळा देखावा व्यर्थ आहे. दुसरे कारण रात्रीची सुरक्षितता. म्हणून सुरुवात लहान करावी. नाल्याच्या पात्राजवळ नसलेली, मुरुमाची, पाण्याचा निचरा होणारी दहा-पंधरा गुंठे जागा चार गाड्यांना पुरते. महिलांचा आणि पुरुषांचा संडास वेगळा, आत पाणी, दिवा आणि आतून लागणारी कडी. सेप्टिक टाकी विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान ५० फूट लांब आणि उताराच्या बाजूला असावी. न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे, जवळ केळीची चार खुंटे लावली तर तेही वाया जात नाही. गाडीतल्या संडासाची टाकी शेतात किंवा नाल्यात रिकामी करू देऊ नये, ती सेप्टिक टाकीतच उतरवावी. विजेच्या जोडणीला अर्थिंग हवेच. चूल पेटवायची जागा एकच आणि गवतापासून दूर ठेवावी. विंचू-सापाचा प्रदेश आहे, तेव्हा गवत कापलेले असावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका व जवळचे आरोग्य केंद्र यांची पाटी ठळक लावावी. आलेल्या प्रत्येकाचे ओळखपत्र पाहून वहीत नोंद करावी आणि पोलीस पाटलांना कळवावे.

हिशेबही डोळे उघडे ठेवून करावा. समजा चार गाड्या, एका गाडीला रात्रीचे ४०० रुपये, आणि वर्षात ४० रात्री जागा भरली. तर हाती ६४,००० रुपये येतात. त्यातून साफसफाई करणाऱ्याची मजुरी, वीज आणि दुरुस्ती वजा करा. उरते ते शेळीपालनासारखे जोडधंद्याचे उत्पन्न. ते कापूस-मिरचीची जागा घेणार नाही. जेवण, भाजी, भगर, आमचूर यांची विक्री धरली तर बायकांच्या बचत गटाला वेगळा आधार मिळेल. पण लाखोंचे कर्ज काढून बंगल्या बांधणे हा या हिशेबात न बसणारा मार्ग आहे. २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात किमान एक एकर शेती असलेल्या शेतकऱ्यालाही पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते. आधी नोंदणी, मग पाटी, असा क्रम ठेवावा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट जमिनीची. जिथे पाहुणे येऊ लागतात तिथे दलालही येतात. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला विकणेच काय, गहाण किंवा भाडेपट्ट्याने देणेसुद्धा जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय चालत नाही. कोऱ्या कागदावर अंगठा, शंभराच्या मुद्रांकावर करारनामा, 'फक्त पाच वर्षांपुरते' अशा गोडबोल्या सौद्यांना भुलू नये. १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यांनी ग्रामसभेच्या हाती अधिकार दिले आहेत. ते कागदावर ठेवायचे की वापरायचे, हे गावाने ठरवायचे आहे.

नर्मदेच्या काठाचा विचार करताना तर जास्तच जपून बोलावे लागते. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली. त्यांतली ९ आपल्या अक्कलकुवा तालुक्यातली आणि बाकीची अक्राणीतली. २०१९ मध्ये धरण प्रथमच १३८.६८ मीटरपर्यंत भरले. ते पाणी बघायला उद्या पाहुणे येतील. नावेचा, मुक्कामाचा, जेवणाचा पहिला रोजगार ज्यांची शेते त्या पाण्याखाली गेली त्यांना मिळाला पाहिजे. बाहेरच्याने नाव घालायची आणि विस्थापिताने काठावर उभे राहून बघायचे, असे होता कामा नये.

तसेच आपली होळी हा तमाशा नाही. काठीच्या राजवाडी होळीला लांबून माणसे येतात, त्यांचे स्वागतच आहे. पण मोरखी-बावा बनलेल्यांचे नवस आणि पाळणूक यांत कोणी कॅमेरा घेऊन घुसत असेल तर त्याला अडवण्याचा अधिकार गावाचा आहे. वेळासला पिल्लांना हात लावू देत नाहीत, दोरीच्या मागे उभे करतात. आपणही आपली दोरी आखून घ्यावी. दारू, मोठ्याने लावलेली गाणी, प्लॅस्टिक आणि रात्री जंगलात गाडी घालणे, या चार गोष्टींना पहिल्या दिवसापासून मनाई असावी.

सरपंच आणि सदस्यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. रस्त्यालगतची एक जागा निवडावी, गाड्यांची संख्या ठरवावी, दर ठरवावा, साफसफाईचे काम आणि त्याची मजुरी कोणाला ते लिहून घ्यावे. एवढा एक ठराव झाला तरी पुष्कळ. आणि समजा एक वर्ष एकही घरगाडी आली नाही, तरी काय बिघडले? स्वच्छ संडास, दिवा आणि पाणी बाजाराला येणाऱ्या आपल्याच बाया-लेकरांच्या कामी येईल. ज्या सोयीने पाहुणा थांबतो तीच सोय गावालाही लागते. म्हणून ती पाहुण्याची वाट न पाहता करावी.