मातीच्या पत्रिकेत दोन रकाने कमी

शेतकऱ्याला २०१५पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा नोंदी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. सगळा हिशेब पिकाच्या भुकेचा. कॅडमियम आणि शिसे यांचा त्यात पत्ता नाही. एरवी हे चालून जाईल. पण तळोजा, महाड, लोटे परशुराम अशा एमआयडीसींना लागून असलेल्या गावांतही हीच पत्रिका मिळते. प्रदूषण नियंत्रण मंडळ सांडपाण्याचे नमुने घेते. अन्नसुरक्षेच्या नियमांनी पालेभाजीत किलोमागे ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम आणि ०.३ मिलिग्रॅम शिसे ही मर्यादा घातली आहे. नाला आणि बाजार यांच्या मधल्या शेताचा कागद मात्र या बाबतीत कोरा. औद्योगिक वसाहतींभोवतीच्या गावांत हे दोन रकाने सक्तीचे करावेत, एवढीच माझी मागणी आहे.

भाजी स्वच्छ धुतली की प्रश्न मिटतो, असे अनेकांना वाटते. पानावर बसलेली शिशाची धूळ धुण्याने बरीचशी निघते, हे खरे. कॅडमियमची गोष्ट वेगळी. ते रासायनिकदृष्ट्या जस्ताचे जवळचे नातेवाईक, त्यामुळे मूळ त्याला जस्त-लोहाच्याच वाटेने आत घेते आणि ते थेट पानात पोहोचते. पालक, माठ यांत ते जास्त साठते, शेंगांत बरेच कमी. शिवाय माणसाला अपायकारक ठरेल एवढे कॅडमियम पोटात घेऊनही पालक हिरवागार राहतो, म्हणजे शेतकऱ्याच्या अनुभवी नजरेलाही काही कळणार नाही. माणसाच्या मूत्रपिंडात गेलेले कॅडमियम निम्म्यावर यायला दहा ते तीस वर्षे लागतात. जमीन आम्ल असेल तर हा धातू मुळांना सहज मिळतो. देशावरची चुनखडीयुक्त काळी माती त्याला बऱ्यापैकी धरून ठेवते, कोकणातली जांभी नाही. वर नाव घेतलेल्या तिन्ही वसाहती कोकणातच आहेत.

कारखानदार म्हणतील, हे धातू आमचेच कशावरून? स्फुरदयुक्त खतांतून कॅडमियम येते, खडकातही मुळात असते. मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच मोजणी हवी: वसाहतीजवळच्या आणि दूरच्या, सारख्याच मातीच्या शेतांचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय कोणाचा वाटा किती हे ठरणार कसे? शेतकऱ्याची भीती मला जास्त रास्त वाटते. एकदा शिक्का बसला की त्याच्या गावची भाजी कोणी घेणार नाही. त्यामुळे पत्रिकेतल्या आकड्याबरोबर उपायही आला पाहिजे, म्हणजे चुना घालून सामू वाढवणे, पालेभाजीऐवजी शेंगवर्गीय पीक किंवा फुले, आणि त्या बदलाची भरपाई. तिचा भार वसाहतीवर टाकावा, गावावर नव्हे.

खर्चाची सबब राहिली. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी कामिओका खाणीतले कॅडमियम भातखाचरांत उतरले आणि हाडे ठिसूळ करणारा ‘इताई-इताई’ आजार पसरला. सरकारने त्याला प्रदूषणजन्य आजार म्हणून मान्यता दिली १९६८ साली, म्हणजे रुग्ण दिसू लागल्यानंतर कित्येक दशकांनी. तिथली सुमारे ८६० हेक्टर शेतजमीन पुन्हा पिकाजोगी करायला १९७९ ते २०१२ अशी ३३ वर्षे आणि ४० अब्ज येन लागले. त्यापुढे प्रयोगशाळेतल्या दोन जादा चाचण्या महाग म्हणायच्या का?