ब्रेकच्या पाइपला जोड नको

रिछाईच्या औद्योगिक भागाजवळच व्हेइकल फॅक्टरी आहे. 1969 पासून तिथे लष्कराच्या गाड्या तयार होतात. शक्तिमान गेला, स्टॅलियन आला. अशा जबलपुरात जुन्या व्हॅनचा ब्रेकचा पाइप बदलणारा हात मिळू नये असं नाही. अडतं ते मालकापाशी.

मारुतीची व्हॅन 1984 मध्ये आली आणि पुढे ओम्नी या नावाने 2019 पर्यंत निघत राहिली. शाळेची मुलं, सिलिंडर, मंडपाचं सामान, काय नाही वाहिलं तिने! जुनी झाली म्हणून भंगारात काढा, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण पोटाखाली वाकून बघतो कोण? मास्टर सिलिंडरपासून मागच्या चाकांकडे जाणारी पोलादी नळी बाहेरून जेमतेम पावणेपाच मिलिमीटरची, आणि तिची भिंत एक मिलिमीटरही जाड नाही. क्लिपखाली पावसाळ्यातला चिखल अडकतो आणि गंज तिथेच धरतो. एरवी नळी ठणठणीत दिसते. क्लिप उचकटली की पापुद्रे हातात येतात.

जोरात ब्रेक मारला की या नळीतला दाब सत्तर-ऐंशी बारपर्यंत चढू शकतो, टायरमधल्या हवेच्या तीसपटीहून जास्त. त्यामुळे गल्लीबोळात निभावलेली नळी फुटते ती नेमकी लग्नकार्याला नागपूरला निघालेली मंडळी कुरईचा घाट उतरत असताना. मास्टर सिलिंडरचे दोन भाग असतात, एकीकडचं तेल गेलं तरी दुसरीकडचे ब्रेक लागतात. ही सोय जीव वाचवण्यासाठी आहे. आपले लोक मात्र तेवढ्यावर महिनाभर गाडी हाकतात, पेडल खाली बसलं की दोनदा पंप करतात, वर तेल ओततात.

मग गॅरेजमध्ये फर्मान सुटतं, ‘सडका तुकडा काप, मध्ये जोड दे.’ कुणी फ्रिजची तांब्याची नळी घालून घेतो. तांबं मऊ, वळवायला सोपं. पण गाडीच्या थरथरीने ते कडक होत जातं आणि तडकतं. मेकॅनिकने अशा वेळी सरळ नकार द्यावा. नळी जोडापासून जोडापर्यंत अखंड बदलायची, लेप दिलेल्या पोलादाची किंवा तांबं-निकेलची. टोकांना दुहेरी फ्लेअर मारायचा, एकेरी चिरतो. तेल सीलबंद डब्यातलंच हवं, कारण ते हवेतला ओलावा ओढतं. कोरडं डॉट 3 तेल 205 अंशांच्या खाली उकळत नाही, ओलावा शिरलेलं 140च्या आसपास उकळू शकतं. त्याच ओलाव्याने नळी आतूनही गंजते.

खाजगी गाडीची सरकारी तपासणी पहिल्यांदा होते ती पंधरा वर्षांनी, पुढे दर पाच वर्षांनी. तिच्या भरवशावर राहू नका. पावसाळा संपला की व्हॅन रॅम्पवर चढवा आणि समोर उभं राहून क्लिपा काढायला लावा. एक पाइप गंजलेला निघाला तर त्याच वयाचे बाकीचेही तेव्हाच बदलून घ्या; तेल काढणं आणि हवा काढणं एकाच मजुरीत होतं.